कैलास लेण्यात रावणाचा माग कसा काढायचा

वेरूळचं कैलास लेणं पाहून आलेल्या माणसाला काय पाहिलंत असं विचारा. "केवढं प्रचंड आहे!" हे उत्तर लगेच येतं आणि त्यापुढे फारसं काही येत नाही. प्रचंड तर आहेच. सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद असा खड्डा, मागची भिंत १०७ फूट उंच, आणि मधोमध एकाच खडकातून कोरून काढलेलं देऊळ. पण कोरणाऱ्यांनी त्या देवळाच्या भिंतीभिंतीवर गोष्टी मांडून ठेवल्या आहेत. त्या न वाचता माणसं परत जातात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

मी चित्रकलेची शिक्षिका. नोकरीत असताना शाळेच्या सहलींबरोबर आणि निवृत्तीनंतर नातेवाईक, शेजारी, नातवंडं यांना घेऊन वेरूळला जात आले आहे. तिथल्या मूर्तींच्या गर्दीत मुलंच काय, मोठी माणसंही थोड्या वेळात थकतात. हा शिव, तो विष्णू, ही बाई कोण, असं करता करता लक्ष उडतं आणि मग फोटो काढणं सुरू होतं. त्यासाठी मी एक पद्धत बसवली आहे. सगळं पाहायचं नाही. एकच पात्र धरायचं आणि त्याच्या मागोमाग देऊळभर हिंडायचं. कैलासात ते पात्र रावण. शिवाच्या या देवळात तो भक्त म्हणून भेटतो, उन्मत्त राजा म्हणून भेटतो आणि दुसऱ्याची बायको पळवणारा म्हणूनही भेटतो. प्रदक्षिणेच्या वाटेने गेलात तर हे सगळं जवळपास कथेच्याच क्रमाने समोर येतं.

आदल्या रात्री

लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठा सोमवारी बंद असतो, त्यामुळे दोन्ही करणाऱ्यांची इथे हटकून गल्लत होते. वेळ सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. भारतीयांना तिकीट ४० रुपये आणि १५ वर्षांखालील मुलांना फुकट. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. दौलताबाद, खुलताबाद करत रस्ता जातो आणि एसटी मिळते. पाणी, टोपी, घट्ट बसणाऱ्या चपला घ्या. खाण्याचे डबे पिशवीत बंद ठेवा, माकडं आहेत.

पण खरी तयारी गोष्टींची. मुलं बरोबर असतील तर आदल्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या या तीन गोष्टी सांगाच, आणि रंगवून सांगा.

पहिली, रावणाच्या तपाची. शिव प्रसन्न व्हावा म्हणून रावण एकेक शीर कापून वाहत गेला. नऊ शिरं वाहून झाली. दहावं कापायला शस्त्र उचललं तेव्हा शिव प्रकट झाला आणि त्याने सगळी शिरं पुन्हा जोडून दिली. मराठवाड्यातल्या माणसाला ही गोष्ट परळीच्या वैजनाथामुळे ओळखीची असते.

दुसरी, कैलास उचलण्याची. कुबेराला हरवून त्याचं पुष्पक विमान घेऊन रावण निघाला होता. एका डोंगराजवळ विमान अडलं. नंदी समोर आला आणि म्हणाला, वर शंकर-पार्वती आहेत, इथून कुणालाही जाता येणार नाही. नंदीचं तोंड वानरासारखं होतं. ते बघून रावण हसला. तेव्हा नंदीने शाप दिला, की माझ्यासारख्या तोंडाचे वानरच तुझ्या कुळाचा नाश करतील. रावण आणखी चिडला, हा डोंगरच उपटून टाकतो म्हणाला आणि त्याने कैलासाखाली हात घातले. डोंगर हलला. पार्वती घाबरून शिवाला बिलगली. शिवाने पायाच्या अंगठ्याने डोंगर जरासा दाबला, आणि रावण हातांसकट खाली चिरडला गेला. मग त्याने शिवाची स्तुती गायली, हजार वर्षं गायली. शिवाने त्याला सोडलं आणि वर चंद्रहास नावाची तलवारही दिली.

तिसरी, सीताहरण आणि जटायू. ती सगळ्यांना येते, म्हणून मुलांनाच सांगायला लावा.

नंदीचा शाप गाळू नका. देवळाच्या दक्षिण बाजूला गेल्यावर तो लागणार आहे.

आधी शिखर बघा

लेण्याकडे तोंड करून उभे राहिलात की उजव्या हाताला टेकडीवर चढणारी वाट आहे. शक्य असेल तर आत शिरण्याआधी वर जा. पावसाळ्यात दगड निसरडे असतात. कड्याजवळ मुलांचा हात धरा, तिथे चूक परवडणारी नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालीच थांबावं, आणि वाट बंद ठेवलेली असेल तर रखवालदाराशी वाद घालू नये.

वरून आधी पाहण्याचं कारण एका दंतकथेत आहे. एक राजा असाध्य रोगाने आजारी पडला. राणीने शिवाला नवस बोलला की राजा बरा झाला तर तुझं देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता देऊळ बांधून शिखर चढवायचं म्हणजे महिने लागणार, वर्षं लागणार. राणी उपाशी मरेल की काय, अशी वेळ आली. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे झाला. तो म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो. त्याने डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरायला सुरुवात केली. शिखर आधी झालं, राणीने ते पाहिलं आणि उपास सोडला. राणीचं नाव माणिकावती, म्हणून देवाचं नाव माणिकेश्वर. जुन्या मराठी कथावाङ्मयात ही गोष्ट आली आहे.

इतिहास वेगळा आहे आणि मुलांना तोही सांगावा. हे काम आठव्या शतकातलं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते झालं असं मानतात. दंतिदुर्गाचा हा काका, त्याच्यानंतर गादीवर आलेला. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या राष्ट्रकूट ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाचं वर्णन आहे. आकाशातून विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क होतात, हे स्वयंभू असलं पाहिजे असं म्हणतात. आणि ज्याने ते घडवलं तो शिल्पीही म्हणतो की हे माझ्या हातून कसं झालं! राजाच्या ताम्रपटात कारागिराच्या मनाला अशी जागा मिळावी, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

दंतकथेतली राणी सापडो न सापडो, पण तिच्यात कामाची रीत अचूक आली आहे. कैलास खरोखर वरून खाली कोरत आणला आहे. आधी तीन बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा केला आणि मग शिखरापासून पायापर्यंत देऊळ उतरवत आणलं. लाकडी पहाड बांधावे लागले नाहीत, कारण उभं राहायला पायाखाली खडक होताच. पण छिन्नी एकदा जास्त खोल गेली की गेली, तिथे दुसरा दगड बसवता येत नाही. खड्ड्याच्या उभ्या भिंतींवर छिन्नीचे घाव अजून दिसतात. ते मुलांना दाखवा.

वरून आणखी एक गोष्ट दिसते ती खालून कधीच दिसत नाही. मंडपाच्या सपाट छतावर एक मोठं कमळ कोरलं आहे आणि त्याभोवती चार सिंह. देवळात उभ्या असलेल्या भाविकाला ते दिसणार नाहीत, हे कोरणाऱ्याला ठाऊक होतं.

आत शिरताना

प्रवेशाच्या वाटेत दोन बाजूंना गणपती आणि महिषासुरमर्दिनी आहेत. पुढे गेलात की थेट समोर गजलक्ष्मी. कमळांनी भरलेल्या तळ्यात ती बसली आहे आणि हत्ती तिच्यावर घागरी रित्या करताहेत. सगळी गर्दी इथे डावी-उजवीकडे फुटते, त्यामुळे तिच्यासमोर कुणी थांबत नाही. तुम्ही थांबा. कमळाची पानं पाण्यावर कशी पसरली आहेत ते पाहा.

आता डावीकडे वळा. देऊळ पश्चिमाभिमुख आहे, म्हणजे डावीकडे उत्तर. देऊळ उजव्या हाताला ठेवून चाललात की प्रदक्षिणा होते. अंगणात दगडी हत्ती आणि सुमारे ४५ फुटी स्तंभ दोन्ही बाजूंना आहेत. उत्तरेच्या बाजूला गंगा, यमुना आणि सरस्वती यांचं देवघर आहे. मगरीवर गंगा, कासवावर यमुना, एवढं ओळखता आलं की पुढे गाभाऱ्यांच्या दारांवरही त्या ओळखू येतात.

इथेच मुलांना मी दुसरी युक्ती सांगते, आणि मोठ्यांनीही ती वापरावी. कुठलंही शिल्प समोर आलं की विचारायचं: गोष्ट नेमक्या कुठल्या क्षणाला थांबवली आहे? आधी काय घडून गेलं, पुढे काय घडणार? शिल्पकाराला अख्ख्या कथेतला एकच क्षण मिळतो. तो त्याने का निवडला हे कळलं की शिल्प उघडतं. आणि न कळल्यास मूर्तीसारखं उभं राहून बघायचं. कुठल्या पायावर भार आहे, मान कुठे वळली आहे, हात ढकलतोय की ओढतोय, हे आपल्या अंगाला लगेच समजतं. लोक बघतात, बघू द्या. मूर्तीला मात्र हात लावायचा नाही. तेराशे वर्षांच्या दगडावर रोज हजारो हात फिरले तर तो झिजतो.

उत्तरेकडच्या ओसरीत रावण पहिल्यांदा भेटतो. शिवलिंग आहे, त्याला वाहिलेली नऊ शिरं आहेत आणि रावण दहाव्याच्या तयारीत आहे. म्हणजे क्षण वर मिळण्याच्या आधीचा. अजून शिव आलेला नाही, येईल याची खात्रीही नाही. मुलं इथे गप्प होतात. खलनायक म्हणून माहीत असलेला माणूस आधी असा दिसला की पुढची गोष्ट एकरंगी राहत नाही.

उत्तरेकडेच देवळाच्या भिंतीवर महाभारताचा पट आहे, खालच्या ओळींत कृष्णाच्या बाललीला. तो पाहा, पण आज त्यात अडकू नका.

मागच्या ओसरीत शिवाच्या कथा रांगेने आहेत. मार्कंडेयाला यमापासून सोडवणारा शिव, गंगा जटेत घेणारा शिव, असुरांची तीन पुरं जाळणारा त्रिपुरांतक शिव, अर्धनारीश्वर. सगळ्यांसमोर सारखा वेळ देऊ नका. दोन निवडा. चालताना उजव्या बाजूला, देवळाच्या जोत्याकडेही लक्ष असू द्या. हत्ती आणि सिंह ओळीने उभे आहेत, जणू देऊळ त्यांनीच पेललं आहे. कुणी झुंजतोय, कुणी चरतोय. बऱ्याच सोंडा तुटल्या आहेत. त्या हत्तींचं रेखाटन करायला बसलेला मुलगा तासभर उठत नाही, हा माझा अनुभव. मऊ शिसाची पेन्सिल आणि साधी वही पुरते. छाया भरू नका, नुसती बाह्यरेषा काढा.

दक्षिणेची बाजू

इथे घाई करायची नाही. बाकी लेणं अर्ध्या वेळात उरकलंत तरी चालेल.

दक्षिणेच्या ओसरीत विष्णूच्या कथा आहेत: कालियामर्दन, गोवर्धन, वराह, त्रिविक्रम. त्यांच्याकडे पाठ करून देवळाकडे वळा. मंडपाच्या खाली, जोत्यात एक खोल कोनाडा आहे. त्यात कैलास हलवणारा रावण आहे. सुरुवातीला वरचाच भाग दिसेल, कारण खाली अंधार आहे. फ्लॅश मारू नका. दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावतात आणि मग खालचे हात एकेक करून दिसू लागतात. रावण जवळपास सुटा कोरला आहे, त्याच्या भोवती पोकळी सोडून. आठव्या शतकातल्या शिल्पकाराने सावली हेच आपलं साहित्य केलं. पाताळाचा अंधार त्याला कोरावा लागला नाही, तो तिथे आपोआप येऊन बसला.

आता वर पाहा. पार्वतीने शिवाचा दंड धरला आहे, ती त्याच्याकडे कललेली आहे. एक दासी पाठ फिरवून पळते आहे. शिव शांत आहे, पाय खाली आलेला. क्षण कुठला? डोंगर हलून गेला आहे, पार्वतीला भीती वाटून गेली आहे आणि अंगठा आत्ता दाबला जातो आहे. दासीला ते कळलेलं नाही, ती अजून पळतेच आहे. एकाच चौकटीत तीन वेगवेगळ्या क्षणांत असलेली माणसं आहेत. चित्रकलेच्या वर्गात मी हे शिल्प फळ्यावर काढून वर्षानुवर्षं शिकवलं, आणि आजही त्याच्यासमोर उभं राहिलं की त्या पळणाऱ्या दासीवरच नजर जाते. एका मुलाला रावण करा, एकीला पार्वती, एकीला दासी. रावण झालेल्याला विचारा, जोर कुठून लावतोस?

याच बाजूला जटायूशी झुंजणारा रावणही भिंतीवर आहे. शोधा, सांगू नका. त्याच्या पुढे पश्चिमेकडे, जिन्याजवळच्या भिंतीवर रामायणाचा पट ओळींमध्ये कोरला आहे. इथे रीत बदलते. एका चौकटीत एक क्षण असं इथे नाही. वरून खाली, ओळीने, प्रसंगामागून प्रसंग वाचत यायचं. आकृत्या लहान आहेत, काही झिजल्या आहेत. सगळं लागलं नाही तरी हरकत नाही. सीताहरण शोधा, रावणासमोरचा हनुमान शोधा आणि दगड वाहून नेणारे वानर शोधा. वानर सापडले की मुलांना नंदीच्या शापाची आठवण करून द्या. शाप देण्याची वेळ जिथे आली तो प्रसंग काही पावलं मागे कोनाड्यात आहे, आणि शाप खरा करणारे वानर इथे सेतू बांधताहेत. ज्याचा अपमान झाला त्या नंदीचा मंडप समोरच वर दिसतो. हा दुवा कोरणाऱ्यांच्या मनात होता की नव्हता, याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण गोष्ट माहीत असलेल्या भाविकाला तो त्या काळीही लागला असणार.

मग जिन्याने वर जा. चपला काढून मंडपात शिरा. सोळा खांब, चार-चारांच्या गटात. बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही. पुढच्या मंडपाच्या छतावर रंगांचे तुकडे अजून टिकून आहेत. देऊळ एके काळी चुन्याने गिलावा करून रंगवलेलं होतं आणि लोक त्याला रंगमहाल म्हणत. गाभाऱ्यातल्या लिंगाचं दर्शन घ्या. नंतर दक्षिणेच्या बाजूला येऊन उभे राहा. तुमच्या पायाखाली तो कोनाडा आहे. देवळाचं नाव कैलास, तुम्ही कैलासावर उभे आहात आणि खालून रावण तो हलवतो आहे. शिल्पाची जागा निवडणाऱ्याने ही गोष्ट अशी देवळाच्या अंगात बसवली. वरच्या मजल्यावर शिखराभोवती प्रदक्षिणामार्ग आणि पाच लहान देवळं आहेत, तिथून एक फेरी मारा आणि खाली या.

अंगात बळ उरलं असेल तर

चौतीसच्या चौतीस लेणी एका दिवसात करू नका. कैलासाला लागून पंधरावं, दशावतार लेणं आहे. त्याचा चढ आधी बघून घ्या, वयस्कर मंडळींना जड जातो. तिथला नरसिंह क्षण ओळखण्याच्या खेळासाठी सगळ्यात चांगला. आपल्याला मांडीवर घेऊन पोट फाडणारा नरसिंह माहीत असतो. इथे तो नुकताच समोर आला आहे, त्याने हिरण्यकशिपूला खांद्याशी धरलं आहे आणि तो असुर अजून लढण्याच्या पवित्र्यात आहे. मरण ठरलं आहे, पण त्याला ते पटलेलं नाही.

त्याच्या पलीकडे चौदावं लेणं, ज्याला रावण की खाई म्हणतात, आणि कैलासाच्या दुसऱ्या बाजूला काही मिनिटांवर एकविसावं, रामेश्वर. दोन्ही कैलासाच्या आधीची, आणि दोन्हींत कैलास हलवणारा रावण आहे. एकविसाव्यात दर्शनी बाजूची गंगा चुकवू नका, आणि सारीपाट खेळणारे शिव-पार्वतीही. इथले रावण भिंतीला धरून, उथळ उठावात कोरलेले आहेत. वहीत एका पानावर यातला एक रावण काढा आणि शेजारी कैलासातला. चेहरे जमले नाहीत तरी चालतील. डोंगराची रेषा कुठे आहे, रावण तिच्या किती खाली आहे आणि त्याच्या पाठीमागे किती जागा सोडली आहे, एवढंच नीट मोजून काढा.